खेळाडू मिळत नाहीत, असं म्हणू नका



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलेली प्रस्तावना सहन होत नसे. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या क्रीडा विभागात जा. पाथरीला जा, सेलूला जा, गंगाखेडला जा. चहा येईपर्यंत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "काय सांगावं सर, खेळाडूच मिळत नाहीत." फुटबॉलचा संघ पाठवायचा तर अकरा पोरं जमत नाहीत. कबड्डीला सात मिळतात, पण आठवा राखीव नसतो. मुलींच्या संघाचं तर नावच काढू नका.

मग होतं काय? विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्रक मोबाइलवर येतं. चार दिवस उरलेले असतात. शारीरिक शिक्षण संचालक वर्गावर्गात जाऊन विचारतात, "फुटबॉल कोण कोण खेळतं रे?" दोन हात खरे वर होतात, चार हात तासाला दांडी मारायला मिळेल म्हणून वर होतात. उरलेले मित्र मित्रांना ओढून आणतात. जो सगळ्यात उंच, तो गोलकीपर. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, पात्रतेचा अर्ज, प्राचार्यांची सही, हे सगळं आदल्या संध्याकाळी. कपाटातल्या जर्सी निघतात, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. सकाळच्या एसटीनं संघ जातो, पहिल्याच फेरीत हरतो आणि दिवेलागणीला परत येतो. जर्सी मोजून जमा होतात. वार्षिक अहवालात एक ओळ छापली जाते, 'संघाने उत्साहाने सहभाग घेतला.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मी याच धंद्यात उभी हयात काढली. म्हणून बाहेरून टीका करणाऱ्याच्या आवेशात बोलणार नाही. पण आज स्पष्ट बोलणार आहे. मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. खेळाडू नेमके कुठे आहेत? ते आपल्याकडे का येत नाहीत? आणि त्यांना आणायचं असेल तर आधी आपण काय बदललं पाहिजे? मधे चार परगावच्या हकीकती सांगेन. त्यातली एक तर थेट अमेरिकेतली आहे. पण घाबरू नका, तीही एका कृषी कॉलेजाचीच आहे.

पहिली गोष्ट : खेळाडू कुठे आहेत?

उद्या पहाटे पाच वाजता उठा आणि वसमत रोडला जा. जिंतूर रोडला जा, गंगाखेड रोडला जा. अंधारात पावलांचे आवाज येतील. पाच-पाच, दहा-दहाच्या घोळक्यानं मुलं पळत असतात. हल्ली मुलीही असतात. एकाच्या हातात मोबाइलवर वेळ लावलेली असते, तो ओरडून सांगतो, "सहाला दहा कमी!" हे सगळे पोलीस भरतीचे उमेदवार. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. सैन्यात अग्निवीर व्हायचं तरी तेच 1600 मीटर.

त्यातल्या कुणालाही थांबवून विचारा, "बाळा, शिकतोस कुठं?" तो सांगेल, "बी. ए. सेकंड इयर." कॉलेजचं नाव सांगेल. ते तुमचंच असेल! म्हणजे नाव आपल्या हजेरीपटावर आणि पाय मात्र रस्त्यावर. आपण ऑफिसात बसून म्हणतो खेळाडू मिळत नाहीत, आणि खेळाडूनं आपल्याकडे फी भरून दोन वर्षं झालेली असतात.

आता गंमत बघा. 1600 मीटर पळणाऱ्या मुलाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 1500 मीटर पळायला सांगायचं, म्हणजे काय सांगायचं? शंभर मीटर कमी पळ, एवढंच. भरतीत मुलं जो गोळा फेकतात तो 7.26 किलोचा. पुरुषांच्या मैदानी स्पर्धेतला गोळाही तेवढ्याच वजनाचा. मुलींचा 4 किलोचा, तोही तोच. गोळा तोच, अंतर जवळपास तेच, मुलगा आपलाच. मग अडलं कुठं?

दुसरी जागा शालेय स्पर्धा. या 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. 19 वर्षांखालचा गट म्हणजे अकरावी-बारावीचीच मुलं. पुढच्या जूनमध्ये ती कुठल्या ना कुठल्या कॉलेजात प्रवेश घेणार. आपल्यापैकी किती जण त्या स्पर्धा बघायला जातात? मी पंच म्हणून जाण्याबद्दल विचारत नाही. नुसतं कडेला उभं राहून, वहीत नावं लिहायला किती जण जातात? आणि गेलात तर जिंकणाऱ्यांच्या मागं लागू नका. त्यांच्या मागं आधीच बरेच जण असतात. उपांत्य फेरीत हरलेल्या संघातला तो एक पोरगा बघा, जो संघ सहा गुणांनी मागं असतानाही चढाईला जायला मागं-पुढं बघत नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं. तो तुमचा.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 1972 पासून ते इथं आहे. 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचं वाण त्यांनी दिलं. ज्वारीचा पैदासकार काय करतो? गावोगावची कणसं गोळा करतो, प्लॉटवर पेरतो, ताटाताटाजवळ जाऊन बघतो, कुठलं दुष्काळात तगतं, कुठलं वाऱ्यात पडत नाही. चांगलं बियाणं आपल्या पायानं प्रयोगशाळेत चालत येईल, अशी वाट तो बघत नाही. आपण मात्र नोटीस बोर्डावर कागद चिकटवून वाट बघत बसतो.

या मातीत तग धरणारी माणसं होत नाहीत, असं कुणी म्हणेल का? ज्योती गवते आपल्या परभणीची. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. बेचाळीस किलोमीटर! शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पण त्याच्यातला धावपटू कुणी ओळखला? बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. 2015 च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत त्याचे पाय लोकांना दिसले. सहा किलोमीटरच्या त्या वाटेवर आपल्या मराठवाड्यातल्या एकाही कॉलेजचा माणूस उभा नव्हता. हे साबळेचं अपयश आहे का?

दुसरी गोष्ट : ते आपल्याकडे का येत नाहीत?

खेळाडू मिळवायच्या शर्यतीत आपण एकटे नाही, हे आधी मान्य करू. आपल्याशी स्पर्धा कोण करतं?

पहिला स्पर्धक ऊसतोडीचा मुकादम. हसू नका. माझ्या बघण्यात या जिल्ह्यात माणसं हेरण्यात मुकादमाइतका हुशार दुसरा कुणी नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर तो पावसाळ्यातच फिरतो. कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाचा बैल मेलाय, सगळं त्याला ठाऊक असतं. तो उचल देतो, रोख, हातात. दिवाळीच्या आगेमागे टोळी ट्रॅक्टरमध्ये बसते आणि ऊसतोडीला जाते. आणि आपल्या स्पर्धांचा मोसम केव्हा असतो? सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे कबड्डीची विभागीय फेरी लागते तेव्हा आपला चढाईवाला कुठंतरी कारखान्याच्या पट्ट्यात कोयता चालवत असतो.

दुसरा स्पर्धक भरतीची अकॅडमी. आता तालुक्याच्या प्रत्येक गावी एक तरी आहे. ती पैसे घेते, पण काय देते? राहायला खोली, मेस, पहाटेचा सराव, दुपारी गणित-बुद्धिमत्तेचा तास, आणि समोर एक ठरलेली तारीख. मुलाला कळतं, आपण कशासाठी पळतोय.

तिसरे स्पर्धक लांबचे. पंजाब-हरियाणाकडची विद्यापीठं. देशातल्या विद्यापीठांत खेळात सर्वोत्तम ठरणाऱ्याला मौलाना आझाद करंडक मिळतो. तो अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं किती वेळा नेलाय, विचारू नका. तिकडं चांगल्या खेळाडूला फी माफ, वसतिगृह, खुराक. खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा 2020 साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, तेव्हापासून या ओढाताणीला आणखी जोर आला आहे.

आणि आपण काय देतो? आपण जर्सी देतो. तीही परत मागतो.

एका तांड्यावरची गोष्ट सांगतो. पालमकडच्या भागात एका मुलाच्या घरी गेलो होतो. बारावीत शिकणारा, काटक, पकडीला असा की घोटा धरला की सुटत नसे. घराच्या ओट्यावर त्याची आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी खेळाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. विद्यापीठाचा संघ, प्रमाणपत्र, नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलायचं थांबवलं नाही. मग म्हणाली, "सर, तुमचं समदं खरं. पन सकाळी पळून आल्यावर ह्याला भूक लई लागती. तिथं शहरात त्याला खायाला कोन घालनार?" बाप आतून म्हणाला, "आन् उचल घेतलीया, ती कोन फेडनार?"

या दोन प्रश्नांपुढं आपलं सगळं क्रीडा धोरण उभं करा. तग धरतं का?

मुलींच्या घरी प्रश्न वेगळे असतात. सोबत बाई कोण आहे? सामना लांबला तर मुक्काम कुठं? परत येताना फाट्यापासून गावापर्यंत कोण सोडणार? मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. बारावी झाली की पास संपतो, स्थळं यायला लागतात, आणि 19 वर्षांखालच्या गटातली जिल्ह्यातली सगळ्यात चपळ खो-खोपटू पुढच्या वर्षी कुणाच्या तरी सासरी असते. आपण म्हणतो, मुलींना आवड नाही. बापाला विचारून बघा. तो खेळाला नाही म्हणत नाही. त्याला त्या तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात, आणि ती द्यायला कुणी आलेलंच नसतं.

आता परगावच्या हकीकती

पहिली आपल्या जुन्या राजधानीची, हैदराबादची. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि काचीगुडा–मनमाड रेल्वेमार्ग आजही परभणीवरूनच जातो. त्या काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक होते, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. 1943 पासून मृत्यूपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव राहिले. त्यांनी काय केलं? शाळेतल्या पोरांना हाताशी धरलं. मुलं एकाच पायानं खेळतात हे बघून, फक्त कमजोर पायानं चेंडू मारायच्या स्पर्धा भरवल्या. त्यांच्या तालमीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. गुणी पोराला तिथं पोलिसातली नोकरी होती, म्हणजे घरच्यांच्या प्रश्नाला उत्तर होतं. भारतीय संघाला रहीमसाहेबांनी 1951 आणि 1962 ला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. एका शाळामास्तरानं! फुटबॉल आपल्या रक्तात नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या रेल्वेमार्गाचा नकाशा जरा बघावा.

दुसरी कोल्हापूरची. पैलवान खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात होते. चणीनं लहान. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायला क्रीडा शिक्षकांनी नकार दिला, अशी हकीकत सांगतात. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी खेळू दिलं, आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना चीत केलं. पुढं 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं तर पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. समोर बसलेल्या प्राचार्यांनो, दचकू नका. घर गहाण ठेवा असं मी म्हणत नाही. पण वर्षाकाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपण क्रीडा शुल्क घेतो, ते निदान क्रीडेवर खर्च झालं तरी पुष्कळ!

तिसरी आपल्याच मराठवाड्यातली. धाराशिवची सारिका काळे. खो-खोत भारताची कर्णधार झाली, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि पुढं तालुका क्रीडा अधिकारी झाली. घरची गरिबी इतकी की त्याच 2016 साली तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय, हे तिच्या आजीनं प्रशिक्षक चंद्रजित जाधवांना सांगितलं. समजूत काढल्यावर ती पुन्हा मैदानावर आली. आता विचार करा, आजीला प्रशिक्षकाकडे जावंसं का वाटलं? कारण प्रशिक्षकाचं त्या घराशी नातं होतं. आपल्या किती खेळाडूंच्या आज्यांना आपलं नाव माहीत आहे?

चौथी अमेरिकेतली. तिथं फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू कवटाळून पळायचा खेळ. कॅन्सस राज्यात कॅन्सस स्टेट विद्यापीठ आहे, 1863 चं, मूळचं शेतकी कॉलेज. भोवताली गव्हाची शेतं. त्यांचा संघ इतका वाईट की सलग सत्तावीस सामन्यांत एकही विजय नाही. देशभर चेष्टेचा विषय. 1989 च्या मोसमात बिल स्नायडर नावाचा प्रशिक्षक आला. नामांकित शाळांतली नावाजलेली पोरं त्याच्याकडे येणार नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो गेला राज्यातल्या छोट्या, दोन वर्षांच्या कॉलेजांकडे, जिथं मोठे संघ ढुंकूनही बघत नसत. आणि जवळपासच्या खेड्यातला जो मुलगा शिष्यवृत्ती नसतानाही 'मला खेळू द्या' म्हणत आला, त्यालाही त्यानं दार उघडं ठेवलं. सुरुवातीला हलके सामने घेतले, म्हणजे मुलांना जिंकणं कसं असतं ते कळावं. 1998 ला हाच संघ देशाच्या एका क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता. शेतकऱ्याचा पोरगा जॉर्डी नेल्सन असाच शिष्यवृत्तीविना आलेला. स्नायडरनं त्याची जागा बदलली, बचावातून त्याला पुढं आणलं. 2011 ला हा मुलगा व्यावसायिक फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्यात जिंकणाऱ्या संघाकडून खेळला.

शाळामास्तर, प्राचार्य, खो-खोचा प्रशिक्षक, शेतकी कॉलेजचा कोच. चौघांत सारखं काय? कुणाकडेही पैशांच्या राशी नव्हत्या. ज्यांच्याकडे दुसरं कुणी बघत नव्हतं, त्यांच्याकडे ते गेले. आणि एकदा आणलेल्या मुलाला त्यांनी सोडलं नाही.

सोप्या रस्त्याबद्दल दोन शब्द

दरवर्षी कुणीतरी सुचवतं, "सर, दोन तगडे खेळाडू बाहेरून आणू, नुसता प्रवेश दाखवू, स्पर्धेपुरतं येतील." ही कागदावरची पोरं कॉलेजला ढाल जिंकून देतात. पण ज्यानं वर्षभर सराव केला, त्या आपल्या मुलाला बाकावर बसवतात. तो मुलगा परत येत नाही, आणि त्याच्या गावातला दुसराही येत नाही. राखीव जागांसाठीच्या बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या प्रमाणपत्रांनी खऱ्या खेळाडूच्या प्रमाणपत्रालाही संशयाचा डाग लावला. म्हणून हा रस्ता नको. तो नैतिक नाही हे तर आहेच, पण तो चालतही नाही.

तिसरी गोष्ट : आपण काय बदलायचं?

फार मोठं काही सांगत नाही. सरकारनं काय करावं याची यादी माझ्याकडे आहे, पण ती वाचत बसलो तर आपल्या सगळ्यांना घरी जायला छान निमित्त मिळेल.

एक. न्याहारी. पहाटेच्या सरावानंतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दोन अंडी, केळी. जो अंडी खात नाही त्याला दूध. क्रीडा शुल्कातून पहिला खर्च हा. ट्रॅकसूट नंतर, बॅनर त्याहून नंतर, आणि प्रमुख पाहुण्यांची शाल सगळ्यात शेवटी. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं सगळं फोल आहे.

दोन. सगळे खेळ सगळ्यांनी खेळायचा हट्ट सोडा. शहरातल्या एका कॉलेजनं मैदानी खेळ धरावेत, दुसऱ्यानं कबड्डी, तिसऱ्यानं फुटबॉल, मुलींच्या एखाद्या संघाची जबाबदारी चौथ्यानं. पत्रकावर आहेत म्हणून सगळ्या खेळांना संघ पाठवायचा आणि सगळीकडे पहिल्या फेरीत हरायचं, यात कुणाचं भलं झालं? कबड्डी घेतलीत तर एक मॅट घ्या. आपली पोरं मातीवर अनवाणी खेळतात आणि स्पर्धेत मॅटवर बूट घालून उतरतात. पहिली दहा मिनिटं तर त्यांचा पायच ठरत नाही.

तीन. भरतीच्या मुलांशी भांडू नका. त्यांना सांगा, तुमची भरतीची तयारी आमच्या मैदानावर करा. आम्ही मोजलेला ट्रॅक देतो, घड्याळ देतो, गोळा कसा फेकायचा ते शिकवतो. बदल्यात वर्षातून दोनदा कॉलेजसाठी पळा. यात कुणाचं नुकसान आहे? नॅकची समिती यायची असली की आपण मैदानावर चुन्याच्या कशा सुरेख रेषा मारतो! त्याच रेषा रोज मारा, म्हणजे झालं.

चार. हजेरी आणि परीक्षा. मुलगा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो, परत येतो तेव्हा अंतर्गत परीक्षा होऊन गेलेली असते, आणि एखादे प्राध्यापक म्हणतात, "खेळ की आता." प्राध्यापक मित्रांनो, तो कॉलेजचं नाव छातीवर घेऊन गेला होता. त्याची चाचणी पुन्हा घेणं हे उपकार नाहीत. ते आपलं काम आहे. दुसऱ्या बाजूनं, मुलांनो, खेळाच्या नावाखाली नापास होणंही चालणार नाही. विद्यापीठ स्पर्धेचं वय पंचविशीला संपतं. पुढं पदवीच हाताशी असते.

पाच. मुलींसाठी बाई प्रशिक्षक. पूर्णवेळ पद भरलं जात नसेल, तर कॉलेजचीच एखादी माजी खेळाडू मानधनावर घ्या. बापासमोर प्राचार्यांच्या दहा पत्रांपेक्षा "मी स्वतः सोबत आहे, दादा," हे तिचं एक वाक्य जास्त चालतं. मुक्काम कुठं, परत किती वाजता, फाट्यावरून कोण सोडणार, हे कागदावर लिहून घरी द्या.

आणि सहावी, यातली सगळ्यात महत्त्वाची. मुलाला आणायला जाल तेव्हा त्याच्याशी कमी बोला, त्याच्या घराशी जास्त बोला. मुलगा तयारच असतो, त्याला कुठं समजवायचंय? समजवायचं असतं ते घराला. आणि घराला दिलेला शब्द तीन वर्षांचा असतो. तो जायबंदी झाला तरी तीन वर्षं. तो हरला तरी तीन वर्षं. गुडघ्याची दोरी तुटली म्हणून ज्याला आपण दवाखान्याच्या दारात सोडून आलो, त्याची गोष्ट आपल्या सगळ्या जाहिरातींच्या आधी गावात पोचलेली असते. खेड्यात बातमीला एसटी लागत नाही.

उचलीचं काय, असं कुणीतरी मनात विचारत असेल. बरोबर आहे. बापाची उचल कॉलेज फेडू शकत नाही. पण 'कमवा आणि शिका' योजना आपल्याकडे आहे, वसतिगृहातल्या चार खोल्या आपल्या हातात आहेत, गावातले माजी विद्यार्थी व्यापारी, डॉक्टर, वकील झालेले आहेत. एका खेळाडूचा वर्षाचा जेवणाखाण्याचा खर्च एका माजी विद्यार्थ्यानं उचलला, तर निदान मुलाला तरी टोळीबरोबर जावं लागणार नाही. आई-बाप जातील, पोरगा राहील. हे पूर्ण उत्तर नाही, मला ठाऊक आहे. पण हातात असलेलं अर्धं उत्तर वापरायचंच नाही, याला काय म्हणायचं?

श्रोतेहो, आता आवरतं घेतो. खेळाडू आहेत. ते पहाटे आपल्याच रस्त्यांवर पळतात, त्यांची नावं आपल्याच हजेरीपटावर असतात. ते येत नाहीत, कारण मुकादम आणि अकॅडमी त्यांना काहीतरी देतात आणि आपण मागतो. आणि त्यांना आणायचं असेल तर आधी त्यांच्या घराच्या प्रश्नांची उत्तरं घेऊन जायला हवं.

शेवटी प्राचार्यांना एकच विनंती. पुढच्या वर्षीच्या अहवालात किती ढाली मिळाल्या, किती संघ पाठवले, हे छापू नका. एकच आकडा छापा. पहिल्या वर्षाला मैदानावर आलेल्या मुला-मुलींपैकी किती जण तिसऱ्या वर्षालाही मैदानावर आहेत? तो आकडा सुरुवातीला लाजिरवाणा असेल. असू द्या, छापा. ज्या वर्षी तो वाढायला लागेल, त्या वर्षापासून खेळाडू शोधायला तुम्हाला तांड्यावर जावं लागणार नाही. त्यांची धाकटी भावंडंच जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभी असतील, आणि फॉर्म घेताना विचारतील, "सराव किती वाजता असतो?"